पहिलं ‘हाजीर’

मी वही उघडली की मावशी तिच्यावर पंजा पसरायची. पंजा कसला, खडीच्या पाट्या वाहून वाहून पसरट झालेला थोरला हात. अख्खं पान त्याखाली झाकून जायचं. मग म्हणायची, "लिवू नगं. ध्यानात ठिव."

मला असा संताप यायचा! मी पुण्याला कॉलेजात शिकत होतो, वडील लोणावळ्यात शाळामास्तर. एका कामगार मंडळानं मला सुट्टीपुरतं काम दिलं होतं. भुशीच्या वाटेवरच्या दगडखाणीत वीसेक वर्षांपूर्वी बायकांनी काम बंद पाडलं होतं, त्याची माहिती काढायची आणि पुस्तिका लिहायची. आता ध्यानात ठेवून पुस्तिका कशी व्हावी? तुम्हीच सांगा.

मावशी त्या बायकांतली. कार्ल्याकडून येऊन लोणावळ्याच्या कडेला वस्तीत राहिलेली, नवरा लवकर वारलेला, एकुलता एक लेक त्याच खाणीत सुरुंगाच्या कामावर. उन्हाळ्यात ती स्टेशनाबाहेर करवंदं विकायची आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की टोपली उचलून सरळ दुसरीकडे जाऊन बसायची.

एकदा मला म्हणाली, "कालिजात काय शिकिवत्यात?"

"इतिहास."

"म्येलेल्यांचा का जित्यांचा?"

"मेलेल्यांचाच असतो, मावशी."

"मंग बरं हाय. त्यास्नी कोन कामावरनं काडत न्हाई."

मी हसलो. केवढा हसलो! बोलण्यातली गंमत वडिलांनासुद्धा सांगितली. त्या वाक्यात ती मला काय बजावत होती, ते मात्र या दीडशहाण्याला कळलं नाही.

गोष्ट तिनं सांगितली ती अशी. खाणीत कडा ढासळून एक बाई गेली. दुसऱ्या दिवशी ठेकेदार म्हणाला, काम थांबायचं नाही, त्याच कड्याखाली पाट्या भरा. मुकादम हजेरी घ्यायला उभा राहिला. कागदावर गेलेल्या बाईचं नाव तसंच होतं. सवयीनं त्यानं ते पुकारलं. आणि बायकांतून आवाज आला, "हाजीर!" मुकादम चरकला. त्यानं पुन्हा पुकारलं. या वेळी सगळ्याच म्हणाल्या, "हाजीर!" मग पुढच्या प्रत्येक नावाला तेच. कुठलंही नाव घ्या, चाळीस बायका एका सुरात हाजीर. कोण आली, कोण नाही, कुणाला दम द्यायचा, कुणाला काढायचं, काही कळेना. हजेरी लागल्याशिवाय काम नाही. आठ दिवस हाच खेळ चालला. शेवटी ठेकेदारानं तो सुटलेला कडा पाडून घेतला, तेव्हा कुठं बायका खाणीत उतरल्या.

"पण पहिल्यांदा हाजीर कोण म्हणालं?" मी विचारलं.

"समद्या."

"असं कसं? कुणीतरी एक पहिली असणारच."

"भात रटरटतो तवा पयलं शीत कंचं शिजलं, सांगशील?"

महिनाभर मी हेच विचारत राहिलो आणि ती मला त्या भाताच्या शितावरच बोळवत राहिली. मंडळाचे चिटणीस तिकडे सारखे विचारत, "पुढारी कोण? नाव नसेल तर स्फूर्ती कशी मिळणार?" मलाही नाव हवं होतं. आता कबूल करतो, स्फूर्तीसाठी नव्हे. नाव शोधून काढणारा म्हणून मला मिरवायचं होतं.

म्हणून मी थाप मारली. मावशीला म्हटलं, "तुमचा तो जुना मुकादम भेटला होता. म्हणतो, बायकांना हाजीर म्हणायला मीच शिकवलं."

मुकादमाला मी जन्मात पाहिलेलं नव्हतं.

मावशी चुलीपुढून ताडकन उठली. "त्यानं? त्या मुडद्यानं? त्याची तर दातखिळी बसलती! म्या म्हनले पयलं हाजीर! माजी जोडीदारीन व्हती ती. तिचं नाव घेतलं आन् माज्या त्वांडातनं निगालं. म्या!"

आणि लगेच तिचा चेहरा उतरला. वही मिटलेली होती, तरी तिनं वर हात ठेवला. "लिवू नगं हां बाळा. लेक हाय तितं."

"नाही लिहीत, मावशी. शप्पथ."

तिनं माझ्या हातावर तांदळाची भाकरी आणि खरडा ठेवला. ते खाऊन मी घरी गेलो आणि पाय धुवायच्या आधी तिचं नाव लिहून काढलं. तिचं, नवऱ्याचं, गावाचं. पुस्तिकेत ते ठळक टायपात छापलं आणि मंडळानं ती खाणीखाणींवर वाटली.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुस्तिकेची प्रत घेऊन मोठ्या तोऱ्यात तिच्याकडे गेलो. लेक भर कामाच्या वेळी घरात बसलेला. मावशी म्हणाली, "पंदरा दिस झालं, काडला त्याला. का काडला, कोन सांगंना. दुसऱ्या खानीवर गेला, तितं बी नाव इचारलं आन् न्हाई म्हनले." मग माझ्या हातातल्या पुस्तिकेकडे पाहून म्हणाली, "ह्येच का ते? वाच की."

का काढला, ते मला त्या क्षणी कळलं. तरी वाचायला लागलो. न वाचून काय सांगणार होतो? तिच्या नावापाशी आलो आणि थांबलो.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचलं. लेकानं आईकडे पाहिलं. मावशीनं हात उचलला, सवयीनं पानावर ठेवला आणि मग हळूच काढून घेतला. म्हणाली, "छापल्यालं झाकत न्हाई रं."

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी दारातून मागे फिरत होतो तेव्हा तिनं मला चहा पिऊन जायला सांगितलं, त्याची लाज मला अजून वाटते. महिन्याभरात मायलेक घाट उतरून गेले. कुणी म्हणे कल्याणकडे, कुणी म्हणे त्याच्याही पलीकडे. मी शोधायला गेलो नाही. तोंड कुठलं घेऊन जाणार?

तुम्ही विचाराल, तिचं नाव काय? सांगणार नाही. एकदा सांगून बसलोय.

तीन वर्षांनी मंडळानं लोणावळ्यात सभा घेतली. खाणीवरच्या उरल्यासुरल्या म्हाताऱ्यांचा सत्कार होता. पाच-सहा जणी आल्या होत्या, पदर सावरून सतरंजीच्या कडेला बसलेल्या. चिटणिसांनी माझी पुस्तिका उघडली आणि पहिलंच नाव पुकारलं. तिचं. ती तिथं नाही हे मला माहीत होतं, त्या म्हाताऱ्यांनाही माहीत होतं. मी मान खाली घातली.

"हाजीर," एक म्हातारी म्हणाली.

"हाजीर." दुसरी.

मग सगळ्याच.

चिटणीस हसले, "अहो आजी, एकच नाव आहे, एकीनंच यायचं." आणि त्यांनी ते पुन्हा पुकारलं. म्हाताऱ्या पुन्हा म्हणाल्या, हाजीर. मी त्यांच्या मागेच बसलो होतो. मीही हाजीर म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटून घेतलं.