दादाचं पाणी बंद केलं तेव्हा

आमच्या आईचा शरीरशास्त्राचा एकच सिद्धांत होता: लघवी पिवळी म्हणजे अंगात उष्णता. त्यामुळे अंबरनाथच्या आमच्या घरात बारा महिने सब्जा भिजत घातलेला असायचा. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, पाण्यासारखी स्वच्छ लघवी होते याचा तिला अभिमान होता. तो रात्री सारखा उठे, तांब्यामागून तांबे रिकामे करी आणि कारखान्यातून पांढराफटक होऊन परते. पण उष्णता नव्हती ना, मग झालं!

शेवटी आई आणि मी त्याला जवळच्या निर्वासित वसाहतीतल्या, कॅम्प दोनमधल्या सिंधी डॉक्टरांकडे नेलं. लहानपणी घसा दुखून मग त्याचा चेहरा सुजला होता, हे ऐकल्यावर ते म्हणाले, "किडनी उसी टाइम बिगडी होगी. आज शाम से पानी बंद. सुबह देखेंगे." रात्रभर पाणी मिळालं नाही की धडधाकट मूत्रपिंड आहे ते पाणी राखून ठेवतं आणि लघवी थोडी, दाट होते. बिघडलेल्याला ते जमत नाही. एवढंच त्यांना पाहायचं होतं.

दादाने रात्र काढली. सकाळी दवाखान्यात, म्हणजे बराकीतल्या पुढच्या खोलीत, डॉक्टर अजून आले नव्हते. त्यांच्या म्हाताऱ्या आईने रीतीप्रमाणे पापड आणि पाणी पुढे केलं. सिंधी घरात आल्यागेल्याला हे चुकत नाही, आणि मोठ्यांनी दिलेलं परतवायचं नाही हे आमच्याकडचं वळण. दादा दोन पेले प्यायला. तासाभराने तपासलेली लघवी पातळ निघाली. डॉक्टर आपल्या आईवर चिडले. आमची आई मात्र खूश.

"पाणी प्यायल्यावर पातळ होणारच की!"

बुडत्याला काडीचा आधार. मीही त्या दोन पेल्यांना धरून बसले, कारण मला फार भीती वाटत होती.

दुसऱ्या खेपेला आई माठापाशीच पाट टाकून बसली. सकाळी दादाचे ओठ फुटले होते, बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. दवाखान्यात म्हातारीने पापड आणताच आईने हात आडवा धरला.

डॉक्टरांनी नळीत लघवी ओतली आणि दाटपणा मोजायचा काचेचा काटा तिच्यात तरंगत सोडला. तो मागच्या वेळच्याच खुणेवर थांबला.

"माताजी, सच बोलो. रात को पानी पिया इसने?"

दादा खाली बघत होता. आई हो म्हणाली असती तर आणखी एक फेरी मिळाली असती. तिने हो म्हणावं, असं मला फार वाटलं.

"नाही हो," आई म्हणाली. "मी रात्रभर तिथंच होते."