सोनाबाईला माझं नाव सांगून नेलं

आमच्या कॉम्प्लेक्सच्या कमिटीने सोनाबाईला फसवलं. फूटपाथवर राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईला, तिचा ज्या एकाच माणसावर विश्वास होता त्याचं नाव सांगून, गाडीत बसवलं आणि लांब नेऊन सोडलं. ते नाव माझं होतं. म्हणजे त्यांनी मलाही फसवलं, पण माझं मी बघून घेईन. सोनाबाईचं बघणारं कोणी नाही, म्हणून हे लिहितेय. गावाकडच्या तुम्हा सगळ्यांसाठी, आणि माझ्यासारखं गाव सोडून ठाणे, कल्याण, डोंबिवलीत येऊन राहिलेल्यांसाठीही. तुमच्यातलं कोणीतरी कुठल्यातरी कमिटीवर असेलच.

गाव सोडलं तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याला ठाण्यात माजिवड्याच्या एका गोडाऊनमध्ये काम मिळालेलं. माणदेशातल्या आमच्या गावाच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. आई चटणीच्या डब्याचं झाकण दाबत होती, ते बसत नव्हतं, आणि ते बसेपर्यंत तिला माझ्याकडे बघावं लागत नव्हतं. आबा शेवटी एवढंच म्हणाले, "कुणापुढं हात पसरायचा न्हाई." आईने झाकण न सोडता उत्तर दिलं, "आन् दारात आलेल्याला न्हाई म्हणायचं न्हाई." दोघांची दोन वाक्यं घेऊन मी गाडीत चढले. ती एकमेकांशी जुळत नाहीत हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. गावात ती जुळायची. आमच्याकडे मागायला येणाऱ्या वासुदेवाचं नाव, गाव, त्याच्या मुलीला कुठे दिलंय, सगळं आईला माहीत होतं. एखाद्या वर्षी तो आला नाही तर ती चार घरी चौकशी करायची.

खोपटच्या डेपोत सकाळी उतरलो. तिकिटाच्या खिडकीसमोर एक बाई चादर घेऊन आडवी पडलेली होती आणि माणसांची रांग तिला वळसा घालून पुढे सरकत होती. कोणी तिला उठवत नव्हतं, कोणी बघतही नव्हतं. जमिनीत खड्डा असावा तसा तो वळसा होता. ठाण्यात मी पहिली गोष्ट शिकले ती ही.

नवरा गेला तेव्हा मुलगी शाळेत होती. मी जुन्या कपड्यांवर भांडी द्यायचा धंदा धरला. डोक्यावर स्टीलची पाटी, खांद्यावर कपड्यांचं गाठोडं, आणि दिवसभर बिल्डिंगीबिल्डिंगीतून घासाघीस. दोन पँटी आणि एक साडी देऊन कढई मागणाऱ्या मॅडम मी पाहिल्यात. साडी उजेडात धरून, जरीचा काठ गेलाय हे दाखवून, कढईचा चहाचा टोप मी केलाय. मला कोणी फसवू शकलं नाही, आणि ज्यांना मी टोप दिला त्या पुढच्या वेळीही मलाच हाक मारायच्या. पण आत शिरायलाच भांडावं लागायचं. प्रत्येक गेटवर पाटी: फेरीवाले, विक्रेते व भिकारी यांना सक्त मनाई. मी घाम गाळून कमावत होते, आबांचा शब्द पाळत होते, आणि पाटीवर माझी जागा भिकाऱ्यांच्या शेजारी होती. त्याचा राग मला अनेक वर्षं आला. भिकाऱ्यांचाच यायचा.

आता डोंबिवलीत माझं भांड्यांचं दुकान आहे, आणि दुकानामागच्या कॉम्प्लेक्समध्ये वन बीएचके. गेटवर तीच पाटी आहे, फक्त आता ग्रॅनाइटची. मी तिच्या खालून चावी घेऊन आत जाते. मुलगी लग्न करून बंगळुरूला गेली, रविवारी व्हिडिओ कॉल करते. बाकी सहा दिवस माझ्याशी बोलणारी माणसं म्हणजे गिऱ्हाईकं.

सोनाबाई मला अशी भेटली. माल उशिरा आणल्याबद्दल मी एका टेम्पोवाल्याला रस्त्यावर उभं करून झाडत होते. राग आला की माझी भाषा गावाकडे पळते. तो गेल्यावर फूटपाथवरच्या झाडाखालून आवाज आला, "माणदेशाची हाईस जणू." बघितलं तर एक वाळलेली म्हातारी, हिरवं लुगडं, शेजारी दोन पिशव्या. तिचं गाव आमच्यापासून एसटीने दोन फाटे पुढे. त्या दिवसापासून ती दुकानाशेजारच्या झाडाखालीच राहिली.

ती इथे कशी आली हे मी विचारलं नाही. सगळे तेच विचारायचे. मुलगा आहे का, त्याने हाकललं का, दारू आहे का. गोष्ट पटली तर द्यायचं, नाही पटली तर नाही, असा हिशोब. मंगळवारी ती देवळाच्या पायरीवर बसून मागायची. एकदा मी चिडून म्हटलं, माझ्या आबांना हे आवडलं नसतं. ती म्हणाली, "पयल्या दिशी हात लई जड जातो. मग त्यो आपला ऱ्हातच न्हाई." मी पुन्हा तो विषय काढला नाही.

रोज सकाळी शटर वर गेलं की ती यायची आणि भांड्यांचा भाव करायची. घ्यायचं काही नसायचं. घेऊन ठेवणार कुठे? पण एकेक भांडं वाजवून, बुडाशी बोट फिरवून विचारायची.

"ह्यो टोप कसा दिला?"

मी भाव सांगायची.

"येवढ्यात गावाकडं गाय येती."

"मग गाय घे. दूध कशात तापवशील?"

"तुझ्या डोस्क्यात. तापल्यालंच असतंय."

घासाघीस अर्धा तास चालायची. भाव मनासारखा उतरला की ती टोप फळीवर ठेवून द्यायची आणि म्हणायची, "राहू दे, उद्या बघू." अख्ख्या डोंबिवलीत माझ्याशी बरोबरीने भाव करणारी ती एकटीच होती. चहा मात्र फुकट घ्यायची नाही. आधी पायरी झाडायची, मग कप हातात.

कॉम्प्लेक्समधली माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. बहुतेक शिकलेली, नोकरी केलेली, नाटकाला जाणारी. पण सोनाबाईचं नाव निघालं की एकेकाच्या तोंडून काय काय यायचं. यांची टोळी असते. यांचे गावी बंगले असतात. आपण देतो म्हणूनच हे वाढतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिचा झोपलेली असतानाचा फोटो आला, खाली लिहिलं होतं, कमिटीने कृपया लक्ष द्यावे. हीच माणसं ग्रहण सुटलं की तिच्या पुढ्यात तांदूळ ठेवून जायची. आणि पितृपक्षात तर तिच्याकडे रांग लागायची. आमच्या इमारतींभोवती कबुतरं आहेत, कावळे राहिले नाहीत. पितरांचं पान गच्चीवर ठेवून थकलेली मंडळी ते पान खाली आणून सोनाबाईसमोर ठेवायची. खीर, वडे, भोपळ्याची भाजी. तिने पहिला घास घेतला की हात जोडून घरी जेवायला जायची. तिला त्याची गंमत वाटायची. म्हणायची, "पंधरा दिस मी समद्यांचा बा असती."

यंदा गणपतीच्या आधी कॉम्प्लेक्सच्या गणेशोत्सव मंडळाने ठरवलं की स्वागताची कमान दुकानाशेजारी, झाडापाशी उभी करायची. उद्घाटनाला कोणी मोठे पाहुणे येणार होते. गौरी-गणपतीचा माल भरायला मी त्या दिवशी सकाळीच भुलेश्वरला गेलेले. संध्याकाळी आले तर झाडाखालची जागा धुतलेली, फिनेलचा वास, आणि चुन्याने कमानीच्या खांबांच्या खुणा आखलेल्या.

वॉचमनने सांगितलं. कमिटीचे तिघं आले, आजी म्हणाले, आश्रम म्हणाले, कॉट आहे, पंखा आहे, दोन वेळचं जेवण आहे. ती झाडाला धरून बसली. हलेना. मग त्यांच्यातलं कोणीतरी म्हणालं, भांडीवाल्या ताईंनीच सगळं ठरवलंय, त्या पण येणार आहेत तुम्हाला सोडायला. तेव्हा ती उठली. स्वतः चढली गाडीत. आणि शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून बसली. एक जण बसायला गेला तर त्याला म्हणाली, "हितं न्हाई. ती येणार हाय."

मी सेक्रेटरींच्या दारावर गेले. ते म्हणाले, संस्थेची गाडी होती. कुठली संस्था ते खजिनदारांना माहीत. खजिनदार म्हणाले, पालिकेची गाडी होती. मी पालिकेच्या निवाऱ्यात गेले, तिथे अशी बाई आलेलीच नव्हती. पोलीस चौकीत गेले. तिथल्या माणसाने विचारलं, "तुमची कोण?" मी म्हटलं, नात्यातली नाही. त्याने पेन खाली ठेवलं.

शेवटी गाडीच मी शोधली. या भागातले सगळे टेम्पोवाले माझ्याशी घासाघीस करून दमलेले आहेत, त्यांच्यात बातमी लपत नाही. ड्रायव्हर पोरसवदा नव्हता, पन्नाशीचा, माळ घातलेला माणूस. तो म्हणाला, "ताई, मला सांगितलं विठ्ठलवाडी स्टेशनच्या पुढे सोड. तिथे तसली बरीच असतात, सोबत होईल तिला."

"उतरली कशी?"

त्याने स्टिअरिंग पुसायला घेतलं. "उतरत नव्हती. म्हणाली, ती येऊ दे, मग उतरते. मी म्हटलं, त्या मागच्या गाडीत आहेत."

विठ्ठलवाडीला स्टेशनबाहेर एक गजरेवाली बसते. तिला आठवत होतं. हिरव्या लुगड्याची म्हातारी कडेला बसायची आणि गाडी थांबली की उभी राहून आत बघायची. चार-पाच दिवस होती. मग रस्ता मोकळा करायला माणसं आली, सगळ्यांना उठवलं, त्यात तीही गेली. कुठे, ते गजरेवालीला माहीत नाही. मी अजून जाते. कल्याणच्या पुलाखाली, उल्हासनगरच्या बाजूला, देवळांच्या पायऱ्यांवर. हिरव्या लुगड्यातल्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे वाकून बघते. आणि माझ्याभोवतीनं माणसं वळसा घालून पुढे जातात.

गणपती गेले, कमान उतरली आणि पितृपक्ष लागला. पहिल्याच दुपारी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू केळीचं पान झाकून खाली आल्या. झाडाखाली कोणी नाही बघून माझ्याकडे वळल्या. "अहो, सोनाबाई कुठे? यांच्या आईंचं पान आहे." मागून आणखी दोघं आले. सगळ्यांच्या हातात पानं, सगळ्यांना भूक लागलेली, आणि तिचं नाव त्यांना इतकं नीट माहीत होतं. फोटोखाली कोणी ते लिहिलं नव्हतं.

मग सेक्रेटरी आले. त्यांच्या वडिलांची तिथी होती.

मी ओरडले हे मला मान्य आहे. मी म्हटलं, विठ्ठलवाडीच्या पुढे जिथे तिला उतरवलीत, तिथे नेऊन ठेवा तुमच्या बापाचं पान.

काकू दचकल्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं. सेक्रेटरींनी आवाज खाली आणला. "ताई, आवाज नको. आपणही इथल्याच आहात. तिच्या भल्यासाठीच केलं."

"माझं नाव का घेतलंत?"

"ती दुसऱ्या कोणाचं ऐकत नव्हती."

एवढं बोलून ते पान घेऊन उभे राहिले. ठेवायला जागा नव्हती. शेवटी त्यांनी ते पार्किंगच्या कठड्यावर ठेवलं आणि कबुतरं आली.

त्यानंतर मी गावी जाऊन आले. भावांनी घर नवीन बांधलंय. आई-आबा नाहीत. वहिनीने चहा दिला आणि कधी निघणार ते विचारलं. वाईट हेतूने नाही, स्वयंपाकाचा अंदाज घ्यायला. फाट्यावर उभी असताना वाटलं, इथे माझं घर होतं, आता फक्त ओळख आहे. आणि डोंबिवलीत फ्लॅट आहे, कागदावर माझ्या नावाचा. घर म्हणायचं तर एकच होतं. मी एक दिवस दुकान उघडलं नाही तर दुसऱ्या सकाळी रागावून विचारणारी बाई: "काल कुठं हुतीस?" ती फूटपाथवर राहायची म्हणून माझं घर फूटपाथवर होतं. आता शटर वर जातं, मी टोप फळीवर मांडते, आणि भाव विचारायला येणारी गिऱ्हाईकं पहिल्या आकड्यालाच हो म्हणून निघून जातात.

पुढच्या महिन्यात सोसायटीची वार्षिक सभा आहे. रंगकाम, पाण्याची टाकी, सगळं होऊ दे, मी शेवटपर्यंत बसेन. मला दोनच गोष्टी ऐकायच्या आहेत. सेक्रेटरी म्हणतात, बोललो तो मी नव्हे. खजिनदार म्हणतात, सगळ्यांचं मिळून ठरलं होतं. पण झाडाजवळ वाकून, तिच्या कानाशी, मी येणार आहे असं सांगणारं तोंड एकच होतं. ते कोणाचं? त्याने सभेत उभं राहून आपलं नाव सांगावं. आणि मग सगळ्यांसमोर हेही सांगावं, की ती मागच्या गाड्यांमध्ये मला शोधत होती तेवढे दिवस, तिच्याकडे जाऊन खरं काय ते सांगायला तो का गेला नाही.