पेपरवाल्या काकांचा दुसरा सामना

वर्ध्याच्या जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, मी टिकलो तो स्टेशनबाहेरच्या पेपरवाल्या काकांमुळे. युरोपातले विजेते क्लब एकमेकांना बाद करत जातात, त्या फुटबॉल स्पर्धेच्या बातम्या ते गिऱ्हाईक असो-नसो मोठ्याने वाचतात. कोणी हरलं की बोट वर करतात, "थांबा! दुसरा सामना बाकी हाये."

मी सातवीत शाळा सोडलेला, कोकणातला. ओला कापूस मला ओळखता आला नाही आणि मशीन अडकली. मुकादमाने काढून टाकलं. वळकटी घेऊन स्टेशनवर आलो.

"काऊन बे, गठुडं बांधून कुठं चालला?" काकांनी हटकलं.

मी सांगितलं.

"तिथं युरोपात दोन सामने होतात, एक ह्याच्या गावात, एक त्याच्या. दोन्हीचे गोल मिळून हारला, तोच घरी जाते. तू त एकच खेळला!"

भर गिऱ्हाइकीत दुकान झाकून ते माझ्यासोबत जिनात आले. सरकी दाताखाली धरायला लावली. "कट्कन फुटली त सुका, चिवट लागली त ओला." मग मुकादमाला म्हणाले, "आता पाहा याले."

मी ओला ढीग बरोबर दाखवला. मुकादम हसला, "येजो उद्या."

काकांनी फुटबॉलचा मोठा सामना मैदानावर जाऊन कधीच पाहिलेला नाही. दुकान सोडवत नाही. एक दिवस ते मी सांभाळीन आणि त्यांना सामना बघायला नागपूरला पाठवीन.