परतूरचे चाळीस श्रोते

रामकिसनने कडूबाच्या हातात जो रेडिओ दिला, त्यात काहीच नव्हतं. बाहेरून तो रेडिओच होता. चामड्याची पेटी, दोन बटणं, वर लांब होणारी काडी. आतलं सामान मात्र रामकिसनने दोन महिन्यांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या रेडिओत बसवलं होतं आणि ऐन गडबडीत तो ते विसरून गेला. गडबडही तशीच होती. १९९२चा फेब्रुवारी. सत्यशीलाबाईंचे पीएच.डी.चे मार्गदर्शक सर औरंगाबादहून सकाळच्या पॅसेंजरने परतूरला उतरले होते आणि त्यांना 'प्रत्यक्ष श्रोता' बघायचा होता.

"काय ऐकता तुम्ही?" सरांनी विचारलं.

"मास्को," कडूबा म्हणाला. मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करणाऱ्या कडूबाला तेवढं पढवून ठेवलं होतं.

"लावा की मग."

कडूबाने एक बटण फिरवलं. मग दुसरं फिरवलं. मग रेडिओ कानाला लावून त्याने गंभीरपणे सांगितलं, "आज मास्को गप हाय, सर."

सरांनी रेडिओ हातात घेतला, जरा तोलून पाहिला आणि मागचं झाकण काढलं. आत खडूचा एक तुकडा आणि एक मेलेलं झुरळ. सर माणूस चांगला. ते हसले. म्हणाले, "असू द्या. मला त्या दुर्गाबाईंकडे न्या. चौथं प्रकरण सगळं त्यांच्यावर आहे."

"त्या लेकीकडं गेल्यात, अंतरवालीला," रामकिसन घाईघाईने म्हणाला.

पण रेडिओने घात केल्यामुळे कडूबाला आता कुठेतरी उपयोगी पडायचं होतं. "दुर्गाबाई?" तो म्हणाला. "त्या वारल्या की. सहा वर्षं झाले बराबर. मीच गेल्तो ना मातीला."

सत्यशीलाबाईंनी रामकिसनकडे पाहिलं. रामकिसनने झुरळाकडे पाहिलं.

आता हे असं का झालं, ते सांगायला हवं.

स्टेशनाच्या रस्त्याला रामकिसनचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. १९८१ साली, जालना जिल्हा नवा झाला त्याच वर्षी, त्याने श्रोता संघ काढला. मास्को, जर्मनीतलं कोलोन, पेकिंग, टोकियो इथून रोज संध्याकाळी हिंदीत कार्यक्रम लागायचे. त्या केंद्रांना पत्र लिहिलं की ते उत्तर द्यायचे, कॅलेंडर पाठवायचे, आणि मुख्य म्हणजे पत्र लिहिणाऱ्याचं नाव रेडिओवर वाचून दाखवायचे. पण एकट्या माणसाला कोण विचारतो? संघ हवा, सभासद हवेत. रामकिसनने ओळखीपाळखीतली चाळीस नावं मांडली. नाव देताना कुणी का कू केलं नाही, कारण बऱ्याच जणांना विचारलंच नव्हतं.

पत्रं सगळी रामकिसन लिहायचा. पण उगीच नावं बदलून एकच मजकूर असा आळशीपणा त्याने केला नाही. कडूबाच्या पत्रात कापसाची चौकशी असे. सायकलवाला मुनीर टोकियोला विचारायचा, तुमच्याकडे पंक्चर काढायला काय वापरतात. दुर्गाबाई भांडखोर, त्या सगळ्यांना फैलावर घ्यायच्या. १९८९ साली त्यांनी कोलोनला लिहिलं, "भिंत पाडली ते बरं केलं. आमच्या आणि शेजारणीच्या मधली अजून उभी आहे, तिकडंही एकदा माणसं पाठवा." तेव्हा त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. पण टोकियोहून त्यांच्या नावाने नवीन वर्षाचं कार्ड येत होतं, ते बंद कसं पाडायचं? रामकिसनला ते बरोबर वाटेना.

आणि संध्याकाळी "परतूर, ज़िला जालना, महाराष्ट्र से कडूबा जी" असं मास्कोहून आलं की कडूबा पाठीवरचं पोतं उतरवल्यासारखा ताठ व्हायचा. दुकानापुढे चहा मागवला जायचा. मास्कोने आपल्याला 'जी' म्हटलं, हे तो मोंढ्यात आठवडाभर सांगायचा.

गंमत अशी, की सगळ्या मिळून तीनशे बारा पत्रांत रामकिसनच्या स्वतःच्या नावाचं एकही नव्हतं. त्याला लाज वाटायची. आपण काय म्हणून टोकियोला बोलायचं?

१९८८ साली सत्यशीलाबाई दुकानात आल्या. मुलींच्या शाळेत मराठी शिकवायच्या, आणि जगाचा संवाद कसा चालतो या विषयात पीएच.डी. करायचं त्यांनी घेतलं होतं. 'परदेशी नभोवाणी आणि मराठवाड्यातील ग्रामीण श्रोता.' लोक म्हणायचे, रेडिओ ऐकायला पीएच.डी. कशाला लागते? सासूबाई द्वारकाबाईंना मात्र भारी कौतुक. सून डॉक्टर होणार, हे त्यांनी पार तीर्थपुरीपर्यंत पोचवलं होतं. एकदा गल्लीतल्या चतुराबाई दुखरा गुडघा धरून औषधासाठी थेट शाळेतच आल्या. तेव्हापासून गावात बाईंना 'डॉक्टरीणबाई' हे नाव पडलं.

रामकिसनने पत्रांच्या कार्बन प्रतींची पेटी त्यांच्यापुढे उघडली. अक्षर एकच कसं, असं बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"सांगणारे ते, लिहिणारा मी," रामकिसन म्हणाला. "त्यांना कुठं लिहिता येतं, बाई."

झालं. बाईंचा चेहरा असा उजळला की पुढचं वाक्य रामकिसनने गिळून टाकलं. ते त्याने चार वर्षं गिळलं. बाई चाळीस प्रश्नावल्या आणि वर एक जादा देऊन गेल्या. त्याने रात्रंदिवस खपून चाळीस माणसांच्या तोंडची उत्तरं भरली. एकेचाळिसावा कागद उरला, त्यात त्याने स्क्रूची पुडी बांधली.

सांगायचं त्याने ठरवलं नाही असं नाही. तिसरं प्रकरण झालं तेव्हा बाई पेढे घेऊन आल्या. रामकिसनने तोंड उघडलं. "बाई, एक बोलायचं होतं."

"आधी माझं ऐका, रामकिसनभाऊ. मला दुर्गाबाईंना भेटायचंय. काय बाई आहे हो. मी आजवर कुणाला असं ठणकावून बोलले नाही."

"लेकीकडं गेल्यात," रामकिसन म्हणाला, आणि त्या उघड्या तोंडात पेढा घातला.

तर त्या फेब्रुवारीत रामकिसनला सगळं सांगावं लागलं आणि सर दुपारच्याच गाडीने परत निघाले. फलाटावर ते एवढंच म्हणाले, "बाई, चौथं प्रकरण चांगलं लिहिलंय. कुणी सांगितलं नसतं तर मी सही केली असती." गाडी गेली. बाई आणि रामकिसन एकाच रस्त्याने परत आले. मध्ये बैलगाडी जाईल एवढं अंतर ठेवून. दुकानाशी बाई थांबल्या नाहीत.

त्यांनी पुन्हा काही लिहिलं नाही. नोंदणीची मुदत संपली. 'डॉक्टरीणबाई' हे नाव मात्र संपेना. गावाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. भाजी घेताना, लग्नात, शाळेच्या फाटकात लोक प्रेमाने हाक मारायचे, आणि हाक ऐकून पलीकडून रामकिसन रस्ता बदलायचा. कडूबाने एकदा विचारलं, "मास्कोहून हल्ली नाव येत न्हाई माझं?"

"पत्र कुठं टाकून राह्यलो आता," रामकिसन म्हणाला.

"टाक की. तुला काय लागतं?"

पुढे केबल आली, रेडिओ दुरुस्तीला येईनासे झाले. दुकानात लाउडस्पीकर आणि टीव्ही आले. पत्रांची पेटी माळ्यावर गेली.

२००३च्या जानेवारीत सत्यशीलाबाई शाळेचा लाउडस्पीकर घेऊन दुकानात आल्या. आता त्या मुख्याध्यापिका होत्या. अकरा वर्षांनी उंबरा चढल्या, पण बोलल्या काल येऊन गेल्यासारख्या.

"सव्वीस तारखेच्या आत द्या. नुसता खरखरतोय."

रामकिसनने झाकण उघडलं. तार निसटली होती. पाच मिनिटांचं काम. त्याने अर्धा तास लावला. स्क्रू शोधायला ड्रॉवर ओढला तर हातात जुनी पुडी आली. पुडीवर छापलं होतं, 'श्रोत्याचे नाव'. पुढची जागा रिकामी.

बाईंनी ती पाहिली. हात पुढे केला, पुडी घेतली, स्क्रू टेबलावर ओतले आणि कागद मांडीवर ठेवून सरळ केला. त्या खालचे प्रश्न वाचू लागल्या. आपण केव्हापासून परदेशी केंद्रे ऐकता? आपणास पत्र लिहावेसे का वाटते?

"बाई," रामकिसन म्हणाला. नजर लाउडस्पीकरातच होती. "लई दिवसांपासून विचारायचं होतं. मी आधीच खरं सांगितलं असतं, का ते सगळे मीच हाय, मंग झाली असती का तुमची पीएच.डी.?"

बाईंनी कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"झाली असती. तुमच्या एकट्यावर."