पाय धुण्याचा नळ

गल्लीत तिला सगळे तोफ म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. लहानपणी तिची आई डोक्यावर पाटी घेऊन मासे विकायची आणि ही पुढं चालत हाळी द्यायची. त्या हाळीनं माडीवरच्या खिडक्या उघडायच्या आणि झोपलेली पोरं रडत उठायची. आवाज तेव्हा जो चढला तो चढला. पुढं कानात कुजबुजायला गेली तरी शेजारच्या घरात ऐकू जायचं. ‘हिला गुपित सांगणं म्हणजे दवंडी पिटणं,’ असं तिची सासू म्हणायची, आणि सगळी गुपितं नेमकी हिलाच सांगायची.

सासू-सुनांचं दिवसभर वाजायचं. भांडं कुठं ठेवलं, दार का उघडं टाकलं, कशावरूनही. पण बाहेरच्या कुणी सुनेला नाव ठेवलं की म्हातारी काठी घेऊन उठायची. ‘ओरडते ती माझ्यावर. तुझ्या का पोटात दुखतंय?’

नवरा मात्र अगदी उलट. होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला नट सोडवायचा. दिवसाकाठी दोन-चार वाक्यं बोलला की त्याला वाटायचं आज फार बोललो. ती त्याच्या वाटणीचंही बोलायची, आणि संसार ठीक चालला होता.

मग किनाऱ्याला पाहुण्यांची दृष्ट लागली. जिथं होड्या ओढून ठेवायच्या तिथं पांढऱ्या खुर्च्या आल्या, निळ्या छत्र्या आल्या. झाडं तोडून हॉटेलं उठली आणि त्यांच्या आवारात कुंड्यांतून तीच झाडं लावली. होड्या कमी झाल्या तशी इंजिनं कमी झाली. गल्लीला लागूनच्या मोठ्या हॉटेलात नवरा पंपावर लागला आणि ती धुलाईखान्यात.

धुलाईखाना तळघरात होता. खिडकी नाही, नुसती वाफ. वरून ढिगांनी चादरी यायच्या, टॉवेल यायचे. पोहायला जाताना एक टॉवेल, पोहून आल्यावर दुसरा, केसांना तिसरा, आणि चौथा नुसताच खुर्चीवर पसरायला. उन्हाच्या मलमाचे पिवळे डाग आधी हातानं घासावे लागायचे. वाळू झटकली नाही तर मशिनच्या पोटात करकर वाजायची. ‘माणसं आहेत की बदकं?’ ती मशिनच्या आवाजावर आवाज चढवून म्हणायची, आणि बरोबरच्या बायका हसायच्या. पण काम ती चोख करायची. पाणी तिथं धो धो होतं, साबणाचा मुठीएवढा फेस व्हायचा, आणि फेस बघून तिचा जीव खूश व्हायचा.

गल्लीत विहीर होती. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी पाणी असं गोड की लांबलांबचे लोक कळशी घेऊन यायचे. एके सकाळी तिचा चहा फाटला. तिनं दूधवाल्याला गाठलं आणि भर रस्त्यात त्याची सात पिढ्यांची धुलाई केली. ‘पाणी घालायचं तर घाल, पण नासकं दूध घालतोस?’ दूधवाला बिचारा गयावया करत होता, तेवढ्यात शेजारीण बाहेर आली. ‘अगं, माझाही फाटला.’ समोरची म्हणाली, ‘माझाही.’ दुपारपर्यंत सगळ्या गल्लीचे चहा फाटले होते. दूधवाले मात्र सगळ्यांचे वेगवेगळे.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो चप्पल काढत होता. मान वर न करता म्हणाला, “दूध नाही, पाणी बघ. खारट झालं असेल.”

“असं कसं होईल?”

“हॉटेलच्या बोअरवेल फार खोल नेल्यात. गोडं पाणी आम्ही उपसतो, त्याच्या जागी समुद्र आत शिरतो.”

ती त्याच्याकडे बघतच राहिली. “म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“पंप चालवणं माझं काम. बोअर पाडणं माझं काम नव्हे.”

एवढी लांब वाक्यं तो कधी बोलला नव्हता. ती पाठ करून ठेवल्यासारखी वाटली.

तिकडं सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सासूला बजावलं होतं, ‘आजी, रक्तदाब फार आहे. मीठ बंद.’ ताटातलं मीठ बंद झालं. पाण्यातलं कोण बंद करणार? टँकर यायचा, पण त्याच्या मनात येईल तेव्हा. तोफ रांगेत भांडून, प्रसंगी दुसऱ्याची कोपरं खाऊन एक कॅन भरायची आणि तो फक्त सासूसाठी राखून ठेवायची. तरी म्हातारीचे पाय सुजायचे, दम लागायचा. एक दिवस ती कामावरून लवकर आली तर म्हातारी शेजारणीच्या बाळंतीण सुनेच्या कळशीत तो कॅन रिकामा करत होती.

“आई! अहो ते तुमचं पाणी!”

“तिचं लेकरू अंगावर पितंय,” म्हातारी म्हणाली. “मला काय, आता कुठं लग्नाला उभं राहायचंय?”

“आणि तुम्ही काय पिता?”

“विहिरीचं. जन्मभर प्यायले, आता काय नखरे करायचे.”

तोफेनं त्या दिवशी घर डोक्यावर घेतलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी परत तेच केलं.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी म्हातारी दारातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या गेली. शेजारणीला वाटलं डुलकी लागली. तोफेनं खांद्याला हात लावला आणि तिला कळलं.

ती धावत पंपाच्या खोलीत गेली. आत घरघर एवढी की तिलासुद्धा ओरडावं लागलं. “आई गेल्या!” नवऱ्याच्या हातात पाना होता. त्यानं तो जागच्या जागी ठेवला, फडकं घेतलं आणि हात पुसत राहिला. हात स्वच्छ झाले तरी पुसतच राहिला.

“चला,” ती म्हणाली. “आणि आधी पाण्याचं बघा. कालपासून टँकर नाही. घरात गोड्या पाण्याचा थेंब नाही, आणि खाऱ्या पाण्यानं त्यांना न्हाऊ घालणार नाही. आईंना आंघोळ घालायला दोन बादल्या इथून घेऊ.”

तो म्हणाला, “साहेबांना विचारतो.”

“स्वतःच्या आईच्या आंघोळीसाठी साहेबाला विचारणार?”

“विचारायला लागतं.”

साहेब म्हणजे मॅनेजर. तरणा माणूस, तोंडात साखर. खुर्चीवरून उठून उभा राहिला. “फार वाईट झालं हो. तुम्ही हवी तेवढी रजा घ्या. पाण्याचं मात्र... आज पाहुण्यांचं लग्न आहे आपल्याकडे, टाकी पुरेल की नाही तीच चिंता आहे. आणि आज तुम्हाला दिलं की उद्या सगळी गल्ली दारात उभी राहील. पण थांबा, मी काहीतरी करतो.”

त्यानं बाटल्यांचं एक खोकं मागवलं. सीलबंद बाटल्या, प्रत्येकीवर हॉटेलचं चित्र आणि चित्रात निळा समुद्र.

तोफेनं एक बाटली उचलून बघितली. “मेलेल्या बाईला झाकणं उघडत उघडत आंघोळ घालू?”

“तुम्ही भावना समजून घ्या,” साहेब म्हणाला.

“कुणाच्या?” तिनं विचारलं. तिनं बाटली परत खोक्यात खोचली, खोकं टेबलावरून सरकवत सरकवत त्याच्या पोटाशी नेलं आणि बाहेर पडली. नवरा मागं राहिला.

घरी येऊन तिनं बादली उचलली. दाराशी जमलेल्या बायकांना म्हणाली, “कुणाला यायचं असेल त्यांनी या.” शेजारीण आली, तिची सून आपलं लेकरू सासऱ्याच्या हातात देऊन आली, आणखी चार-पाच जणी आल्या. पुढच्या फाटकातून सोडणार नाहीत हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती समुद्राच्या बाजूनं गेली. वाळूतून वर येताना हॉटेलच्या पायऱ्यांपाशी एक नळ होता. समुद्रातून आलेल्या पाहुण्यांना पायाची वाळू आणि अंगाचं मीठ धुवायला. एक जोडपं तिथं फोटो काढत होतं आणि त्यांच्या मागं नळ तसाच वाहत होता. गोडं पाणी पायरीवरून उतरून वाळूत जिरत होतं.

तिनं बादली नळाखाली ठेवली.

रखवालदार धावत आला. गल्लीतलाच होता. “मावशी, असं नका करू. माझी नोकरी जाईल.”

“म्हातारीनं तुला लहानपणी न्हाऊ घातलंय. आठवतं का नाही?”

तो समुद्राकडे बघायला लागला.

तेवढ्यात साहेब आला. साखर विरघळली होती. त्याच्या मागोमाग नवरा. गच्च्यांवरून पाहुणे वाकून बघत होते. साहेबानं आवाज न चढवता नवऱ्याला सांगितलं, “या नळाचा व्हॉल्व्ह बंद करा.”

नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं, बादलीकडे बघितलं, आणि तो वळून गेला.

तोफ निर्धास्त होती. तिला वाटलं, तो आत जाऊन बसेल. व्हॉल्व्ह अडकलाय म्हणेल. पाना सापडत नाही म्हणेल. काहीही म्हणेल. जन्मदात्री घरात पडली आहे त्याची! बादली निम्मी झाली. मग धार बारीक झाली, नळ दोनदा खोकला आणि बंद पडला.

तिच्या डोक्यातून जाळ निघाला. जन्मभरात ओरडली नव्हती तशी ती ओरडली. “या, बघायला या सगळे! ही बादली बघा! तुमच्या पायाच्या वाळूला पाणी आहे, तुमच्या चार-चार टॉवेलांना आहे, आमच्या मेलेल्या माणसाला नाही! समुद्र आमच्या विहिरीत घातलात, विहीर आमच्या म्हातारीच्या पोटात घातलीत, आणि वर बाटल्या देता?”

पाहुण्यांना तिची भाषा कळत नव्हती. एका बाईनं साहेबाला विचारलं, काय झालं. साहेबानं त्यांच्या भाषेत हळूच काहीतरी सांगितलं. हॉटेलात काम करून तोफेला ती भाषा थोडीफार कळत होती. साहेब म्हणत होता, त्यांच्याकडे कुणी वारलंय, दुःखात आहेत.

“दुःखात नाही!” ती गरजली. “रागात आहे! सांगतोस तर नीट सांग!”

कुणीतरी फोन वर धरला होता. मग आणखी दोघांनी धरला. तिनं बादली उचलली आणि बायकांबरोबर वाळूतून परत निघाली, पाणी हिंदकळू नये म्हणून हळूहळू, दात आवळून.

घरी नवरा आधीच पोचला होता. आईच्या पायाशी बसला होता. म्हातारीला बाहेर आणलं. तोफेनं बादली आणि तांब्या त्याच्यापुढं ठेवला.

“जपून घाल,” ती म्हणाली. “अर्धीच आहे. उरलेली तू बंद केलीस.”

लग्न झाल्यापासून ती त्याला अहो-जाहो करत आली होती. जमलेल्या माणसांनी माना खाली घातल्या. त्यानं तांब्या भरला, पण पहिला तांब्या जमिनीवरच सांडला. तिनं तो त्याच्या हातून काढून घेतला नाही. त्यालाच घालायला लावलं, शेवटच्या थेंबापर्यंत.

तिची नोकरी गेली, ते सांगायला नकोच. पण कुणा पाहुण्यानं काढलेलं चित्रीकरण या फोनवरून त्या फोनवर फिरलं. हॉटेलातली लग्नं रद्द व्हायला लागली. मग हॉटेलला एकदम गल्लीची आठवण झाली. गल्लीच्या तोंडाशी नळ बसवला, वर हॉटेलच्या नावाची पाटी. उद्घाटनाला साहेब आला, फोटोवाला आला, आणि पहिली कळशी तोफेनं भरावी असा निरोप आला.

ती गेली. हात धुवायलासुद्धा नळाला शिवली नाही. पाटीकडे बोट करून म्हणाली, “आधी बोअर बंद करा. आमची विहीर आम्हाला परत द्या. हे तुमचं उष्टं मला नको.” आणि निघून आली.

गल्लीला तिचा राग आला. शेजारीणच म्हणाली, “तुझ्या तोंडापायी मिळतंय तेही जाईल. माझ्या घरात लहान लेकरू आहे.” तिनं पुढं होऊन कळशी भरली, फोटो काढून घेतला. त्या बाईशी तोफ भांडली नाही. तिला लेकराचं दिसत होतं. पण रात्रंदिवस आतून पेटलेलीच राहायची. इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम मिळालं, तिथं रक्ताच्या चादरी घासताना हात सोलून निघेपर्यंत घासायची. दर आठवड्याला पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात जाऊन बसायची. तिचा आवाज जिन्यात ऐकू आला की कारकून एकमेकांना म्हणायचे, “आली.” एकदा त्यांनी कुणालातरी तपासणीला पाठवलं, आणि एका बोअरवेलला सील लागलं. बाकीच्या चालूच होत्या.

घरात ती नवऱ्याला जेवण वाढायची आणि आत निघून जायची. बोलायची नाही. जिच्या आवाजानं भिंती हलायच्या तिच्या घरात आता भांड्यांचा तेवढा आवाज यायचा.

मग एक दिवस रखवालदारानं तिला रस्त्यात गाठलं. “मावशी, काका कसे आहेत? नोकरी सोडल्यापासून दिसले नाहीत.”

“कधी सोडली?”

“झाले की बरेच दिवस. साहेबांनी बोअरचं सील काढायला सांगितलं होतं. दिवसा दिसतं म्हणून पहाटे काढा म्हणाले. काकांनी पाना त्यांच्या टेबलावर ठेवला आणि निघून गेले.”

नवरा रोज नेहमीच्या वेळी घरातून निघत होता. जात होता पलीकडच्या खाडीवर, जिथं अजून थोड्या होड्या होत्या. तिच्या लक्षात आलं, हल्ली त्याच्या कपड्यांना डिझेलचा वास येत होता, आणि ते कपडे तिनंच धुतले होते. रागाच्या भरात वाससुद्धा तिच्यापर्यंत पोचला नव्हता.

दुपारी तो जेवायला बसला. ती वाढून आत गेली नाही. समोर बसली.

“सांगितलं का नाहीस?”

तो घास हातात घेऊन थांबला. “सांगण्यासारखं काय त्यात? तेव्हा करायचं ते आता केलं.”

“उशीर केलास.”

“हो.”

“त्या दिवशीचं मी विसरणार नाही. मरेपर्यंत नाही.”

“नको विसरूस,” तो म्हणाला.

तिनं पातेलं पुढं ओढलं. “भात घे आणखी,” ती म्हणाली. तिनं ते इतक्या मोठ्यानं म्हटलं की पलीकडच्या घरातून शेजारीण दारात येऊन उभी राहिली.