सुलूकाकूंची जास्वंद

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत दुसऱ्याच्या कचऱ्याच्या बादलीत बेधडक हात घालणारी एकच बाई होती, सुलूकाकू. चहाचा चोथा, भाज्यांची सालं, देवाचं निर्माल्य, सगळं त्या मागून न्यायच्या आणि गेटजवळच्या वाफ्यात पुरायच्या. बिल्डरने डेब्रिज टाकलेली ती जागा, तिथे त्यांनी काळीभोर माती करून दाखवली. "मातीक पण भूक लागता रे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

वाफ्यातल्या जास्वंदीला तर इतकी फुलं यायची की बघत राहावं. माझी आई घरात अंडंही न आणणारी. बारा वर्षं रोज सकाळी तिथलं फूल तोडून ती गणपतीला वाहायची. काकू तिची जिवाभावाची मैत्रीण.

गेल्या वर्षी काकूंचे गुडघे धरले आणि एक खड्डा उथळ पडला. आई फूल तोडत असताना मांजराने बुंध्यापाशी उकरून बांगड्याचं डोकं बाहेर ओढलं.

"हे काय गं, सुलू?"

"बांगड्याची तकली. पयल्यापासून घालतंय."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू कधी इचारलंस?"

आई मटकन कट्ट्यावर बसली. "बारा वर्षं मी देवाला काय वाहिलं गं!" मला आधी हसू आलं, पण तिचा पांढराफटक चेहरा पाहून मी ते गिळलं.

तिने काकूंशी बोलणं टाकलं. आठवड्याने काकूंनी जास्वंदीची एक कुंडी आमच्या दारात आणून ठेवली. "ह्यां झाड शाकाहारी आसा. नुसती सालां घातलंय. आईक सांग." आई आतून ऐकत होती, पण बाहेर आली नाही. मी तिला समजवायला हवं होतं. जाईल रुसवा आपोआप, असं मी धरून चाललो.

एका दुपारी कपडे वाळत घालताघालता काकू गेल्या. आईला सांगितलं तर म्हणाली, "काहीतरी काय बोलतोस!" आणि कुकर लावायला गेली.

पुढे महिन्याभरात खालची जास्वंद पिवळी पडू लागली. रविवारी बाजारातून येताना पाहतो तर काय, आई कोळणीच्या पाटीसमोर उभी! नाकाला पदर, हातात पिशवी.

"माशांची डोकी दे गं. खायला नकोत, झाडाला."

सोसायटीत परतल्यावर ती तडक वाफ्यापाशी गेली. खड्डाही तिनेच खणला, खुरपं मला धरू दिलं नाही. मग आंघोळ करून त्याच झाडाचं फूल तोडलं, देवाला वाहिलं आणि तिथेच बसून एवढ्या मोठ्याने रडली की समोरच्या ब्लॉकमधली माणसं धावत आली.