मिटल्या डोळ्यांची पाहणी

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी तर नाहीच—तिच्यापाशी कुठल्या तोंडाने बोलणार?

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. खोपोलीच्या एका कारखान्यात लागलो होतो, नवं लग्न झालेलं, आणि भिसेगावातल्या आमच्या कबड्डी संघाचा कप्तान होतो—म्हणजे माज किती, ते समजून घ्या.

मुंबईहून एक बाई आल्या. तरुण पोरांच्या मनात बायकोविषयी काय आहे, ते त्यांना मोजायचं होतं. आम्हाला शाळेत बसवून म्हणाल्या, "डोळे मिटा. बायको रात्री जवळ येऊ नका म्हणाली, तर नवऱ्याने थांबलंच पाहिजे—पटतं त्यांनी हात वर करा." भल्याभल्या गड्यांचे कान लाल झाले.

मला पटत होतं का? छे! लग्न केलंय ना, मग विचारायचं काय—हे माझं मत. पण डोळे किलकिले केले, तर काय? अख्खा संघ किलकिल्या डोळ्यांनी माझ्याकडेच बघतोय. आणि बाईसुद्धा! केला हात वर. पाठोपाठ सगळ्यांचे. बाईंना अगदी भरून आलं.

बातमी नळावर पोचायला कितीसा वेळ लागतो? रंजनाने घरी विचारलं, "तुमी खरंच हात वर केलात?" बायकोचा चेहरा इतका खुललेला मी लग्नातही पाहिला नव्हता. मी ऐटीत म्हणालो, "मग! सगळ्यांच्या आधी."

त्याच आठवड्यात ती पहिल्यांदा 'नको' म्हणाली.

थांबलो—तेवढं केलं. पण मग जो फुगलो! ताट सरकवलं, अबोला धरला. पोट काय, स्टेशनवरच्या वड्यांनी भरून येत होतो. आई मात्र रंजनावर खेकसायची, "काय केलंस गं याला? पोरगा जेवत नाय माजा!" ती बिचारी सासूला काय सांगणार? सांगायला हवं होतं मी. मी ओटीवर बसून ऐकत होतो—आणि, खरं सांगू? मला बरं वाटत होतं.

शेवटी तीच आली. "चुकलं माजं," म्हणाली. डोळे सुजलेले. मी मोठ्या मनाने माफ केलं—हो, माफ!

त्यानंतर ती कधीच 'नको' म्हणाली नाही. का म्हणत नाही, ते मला कळत होतं. मी विचारलं नाही.